जुन्या कॅमेऱ्यात उजेड शिरतो कुठून?

जुन्या लग्नाच्या अल्बममध्ये एखाद्या फोटोवर कडेनं केशरी पट्टा असतो आणि घरातले म्हणतात "रोल जळला". जळत काही नाही, कॅमेऱ्यात उजेड शिरलेला असतो. आता पोरं आजोबांच्या ट्रंकेतनं पेंटॅक्स के-१०००, याशिका काढून परत रोल टाकायलेत, त्यामुळं हा पट्टा पुन्हा दिसायलाय.

उजेड किती कमी पुरतो ते बघा. मे महिन्यात संभाजीनगरला भर दुपारी उन्हाचा उजेड लाखभर लक्स (उजेड मोजायचं माप) असतो. ४०० आयएसओच्या (रोल उजेडाला किती चटकन दाद देतो त्याचा आकडा) ब्लॅक अँड व्हाइट रोलवर हलकासा डाग पडायला ढोबळमानानं ०.००२ लक्स-सेकंद (लक्स गुणिले सेकंद) बास होतात. म्हणजे त्या उन्हाचा दहा कोटीतला एक भाग जरी आत झिरपला तरी दोन सेकंदांत काम तमाम. नुसतं कॅमेऱ्याचं मागचं झाकण घट्ट बसतंय म्हणून एवढा अंधार होत नसतो.

म्हणून झाकणाची कड खाचेत बसवतात आणि खाचेला मॅट काळा रंग देतात. असा रंग साधारण ५ टक्केच उजेड परत फेकतो, तीनदा आपटला की आठ हजारातला एक भाग उरतो, पण दहा कोटीपुढं हे काहीच नाही. तिथं फोम लागतो. फोम म्हणजे बूच नव्हे बरं का, त्यातनं हवा आरामात जाते, उजेड मात्र त्या बारीक काळ्या भोकांत इतक्यांदा आपटतो की बाहेर निघतच नाही.

अडचण अशी की साठ-सत्तरच्या दशकातल्या जपानी कॅमेऱ्यांत हा फोम पॉलियुरेथेनचा असायचा. हवेतली वाफ त्याच्या लांब साखळ्या हळूहळू तोडते, उष्णतेनं ते अजून पटपट होतं, आणि आपल्याकडं पावसाळाही आहे आणि ४२ डिग्रीचा उन्हाळाही. लोखंडी कपाटात ठेवून ठेवून शेवटी त्याची काकवी होते, बोटाला लागली की निघता निघत नाही.

दुरुस्तीआधी निगेटिव्ह बघा. डाग फ्रेमच्या बाहेर, कडेच्या भोकांपर्यंत गेला असेल तर उजेड मागच्या झाकणातनं आलाय. फ्रेमच्या आतच थांबला असेल तर शटर नाहीतर लेन्सच्या बाजूनं. कलर रोलवर मागनं आलेला उजेड लाल-केशरी दिसतो, कारण लाल उजेड टिपणारा थर फिल्मच्या पाठीकडं असतो, त्याला आधी लागतो. आणि लेन्स चित्र उलटं पाडते, म्हणून फोटोत डाव्या कडेला पट्टा असेल तर मागनं बघताना कॅमेऱ्याची उजवी बाजू तपासायची. बिजागरी बहुतेक तिकडंच असते, चोरही तिथंच सापडतो.

काम सोपंय पण घाईचं नाही. शटरच्या पडद्यावर कागद ठेवा (चिकटवू नका), पडद्याला बोट लावायचं नाही म्हणजे नाही. कॅमेरा उलटा धरा म्हणजे कचरा खाली पडंल. मोबाईल रिपेअरवाले वापरतात ते आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) इअरबडला जेमतेम लावून चिकटा ओला करायचा, टूथपिकनं खरवडायचा. स्क्रूड्रायव्हर लावला की खाचेचा काळा रंग निघालाच, मग नवा फोम टाकून बी अर्धाच फायदा. अल्कोहोल पूर्ण वाळू द्या.

नवीन फोमच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात. नाही मिळाल्या तर अरुंद खाचेत काळी लोकर भरा, बिजागरीपाशी काळी मखमली रिबन. लेस-बटणाच्या दुकानात दोन्ही मिळतं, आणि माझं मत विचाराल तर लोकरच बरी, ती वितळत नाही. झाकण लावताना जोर लागला तर एक पदर कमी करा.

लेन्सच्या मागं जो आरसा असतो, त्याच्या वरचा छोटा फोम विसरू नका. तो सुटला की तुकडे थेट आरशावर पडतात. आरसा मात्र पुसत बसू नका, ब्लोअरनं उडवा, त्याचा चांदीसारखा थर समोरच्याच बाजूला असतो आणि कापडानं लगेच ओरखडतो.

मग एक स्वस्तातला रोल टाका, लेन्सला झाकण लावा आणि दर फ्रेमला कॅमेऱ्याची वेगळी बाजू थोडा वेळ उन्हाकडं धरून पुढं सरका. कुठल्या फ्रेमवर डाग आला त्यावरनं भोक कुठल्या बाजूला राहिलं ते कळतंय.