देवी आणि देवीच्या लशीमुळे झालेले मृत्यू (इंदूर व माळवा)

देवी हा व्हॅरिओला विषाणूचा, माणसाकडून माणसाला लागणारा रोग. त्याच्या तीव्र प्रकारात दहांतले साधारण तीन रोगी दगावत; वाचलेल्यांच्या तोंडावर वण राहत, काहींचे डोळे जात.

घरात देवी आल्या की फोडणी बंद आणि दाराला कडुलिंबाचा डहाळा, हा रिवाज इंदुरातल्या मराठी वाड्यांना आणि माळवी शेजाऱ्यांना सारखाच ठाऊक होता. मराठी शिळासप्तमी श्रावणात, माळव्यातली शीतला सप्तमी होळीनंतर. दोन्हींत चूल न पेटवता आदल्या दिवशीचे अन्न खातात. राजवाड्याजवळची कापडाची पेठ आजही शीतलामाता बाजार म्हणूनच चालते.

हिंदुस्थानात पहिली लस मुंबईला १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. त्यानंतर बरीच वर्षे एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातली लस काढून ती पुढच्या मुलाला टोचत. तिच्याबरोबर उपदंश (सिफिलिस) जाऊ शके, जखम चिघळून धावरे (कातडी लाल होऊन सुजण्याचा संसर्ग) किंवा धनुर्वात होई, आणि पोर हातचे जाई. वासराच्या अंगावर वाढवलेली लस आल्यावर उपदंशाची धास्ती संपली. देवी काढणाऱ्याला, म्हणजे लस टोचणाऱ्याला, पाहून पोरे लपवणाऱ्या आयांना नुसते अडाणी म्हणून सोडून देता येत नाही. देवीने मूल गेले तर तो मातेचा कोप. टोचल्यावर गेले तर दोष टोचणाऱ्याचा. त्यात टोचणीचे हत्यार म्हणजे दातेरी चकती, ती कातडीवर दाबून गरकन फिरवायची. लेकराच्या किंकाळ्या गल्लीभर जात.

शुद्ध लशीनेही क्वचित मेंदूला सूज येई, इसब असलेल्या मुलांच्या अंगभर फोड पसरत. अमेरिकेत १९६८ साली सुमारे १ कोटी ४२ लाख टोचण्यांमागे ९ मृत्यू नोंदले गेले. देवीच्या मृत्यूंपुढे हा आकडा नगण्यच.

१९७३ मध्ये रोग ठाण मांडून असलेल्या चार राज्यांत मध्य प्रदेश होता. घरोघर शोध सुरू झाला, नवा रोगी दाखवणाऱ्याला बक्षीस लागले. १९७५ पर्यंत ते हजार रुपयांवर गेले. त्याच वर्षी मे महिन्यात देशातला शेवटचा रोगी सापडला. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त जाहीर झाले. रोगच उरला नाही तेव्हा दहा लाखांमागे एखादा बळीही परवडेना, म्हणून सरसकट देवी टोचणे बंद झाले. त्यानंतर जन्मलेल्यांच्या दंडावर दिसतो तो बहुधा बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा, वण.