फेअरवे: गाळ उपसणाऱ्या एका डच जहाजाची पार्श्वभूमी

8 मार्च 2007 रोजी चीनच्या तियानजिन बंदराजवळच्या समुद्रात 'एमएससी जोआना' हे मोठे कंटेनर जहाज आणि 'डब्ल्यू. डी. फेअरवे' हा डच ड्रेजर, म्हणजे समुद्रतळाचा गाळ उपसणारे जहाज, यांची टक्कर झाली. ड्रेजर इतका जबर जखमी झाला की तो दुरुस्त करायचा खर्च विम्याच्या रकमेपेक्षा जास्त होईल, असे ठरले. त्या वेळी जगातल्या सर्वांत मोठ्या ड्रेजरांमध्ये त्याची गणना होत होती. ही टक्कर नीट समजून घ्यायची तर असे जहाज कुठे आणि कसे राबते, इथून सुरुवात करावी लागते.

नेदरलँड्समध्ये मेरवेडे नदीकाठची स्लीड्रेख्त, पापेनड्रेख्त ही गावे पिढ्यान्‌पिढ्या गाळ उपसण्यावर जगली. 1910 मध्ये सुरू झालेल्या बॉस्कालिस कंपनीचे मुख्यालय आजही पापेनड्रेख्तमध्येच आहे. 'डब्ल्यू. डी.' ही अक्षरे तिच्या वेस्टमिन्स्टर ड्रेजिंग या उपकंपनीच्या नावातली. 1990 च्या दशकात हाँगकाँग आणि सिंगापूरने समुद्र भरून जमीन करायला घेतली, तेव्हा वाळूची मागणी अफाट वाढली आणि ड्रेजर कंपन्यांमध्ये मोठ्यात मोठे जहाज बांधण्याची चढाओढ लागली. 1994 च्या 'पर्ल रिव्हर'मध्ये 17 हजार घनमीटर माल मावत होता. 1997 मध्ये आलेला फेअरवे 23 हजारांच्या पुढे गेला. 2000 मध्ये यान दे नुल या बेल्जियन कंपनीने 33 हजारांचा 'वास्को द गामा' उतरवला. मग बॉस्कालिसने फेअरवेची लांबीच वाढवून घेतली. जहाज 230 मीटरांच्या पुढे गेले आणि त्याच्या पोटात 35 हजार 500 घनमीटर माल मावू लागला. आपल्याकडच्या दहा घनमीटरच्या हायवा डंपरला तेवढी वाळू वाहायला साडेतीन हजार खेपा पडतील.

जहाजाच्या दोन्ही बाजूंना जाडजूड शोषण पाइप असतात. जहाज जागेवर पोचले की ते गँट्रीवरून, म्हणजे पाइप उचलणाऱ्या लोखंडी सांगाड्यावरून, पाण्यात सोडतात. पाइपाच्या टोकाचे लोखंडी डोके समुद्रतळावरून घासत जाते, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने वाळू मोकळी करते आणि पंप पाण्यासकट ती वर ओढतो. वाळू हॉपरमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मोठ्या टाकीत, बसते, वरचे पाणी परत समुद्रात जाते. लाटांवर जहाज वर-खाली होत असताना ते डोके तळाला टेकलेलेच राहावे लागते. म्हणून पाइपाच्या दोराला हा चढउतार भरून काढणारे यंत्र जोडलेले असते आणि पाइप ऑपरेटरची नजर पडद्यावरून हटत नाही. हॉपर भरला की जहाज निघते आणि तळाचे दरवाजे उघडून माल सोडते, नाहीतर नळीने किनाऱ्यावर ढकलते किंवा नाकाडावरून कमानीसारखा फवारते. मग परत खोदायच्या जागी. रात्र असो की दिवस, पाळ्या बदलतात, काम थांबत नाही.

या कामात सगळ्यात घातक काय, तर काम करायची जागा. बंदराचा मार्ग खोल करायचा तर ड्रेजरला त्याच मार्गावर उभे ठाकावे लागते, आणि त्याच मार्गावरून मालवाहू जहाजे ये-जा करत असतात. पाइप खाली असताना ड्रेजर अगदी संथ चालतो, चटकन वळू शकत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तो दिवसा डोलकाठीवर गोळा, पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार, गोळा अशी काळी चिन्हे लावतो आणि रात्री लाल, पांढरा, लाल असे दिवे. ज्या बाजूने जाऊ नये तिथे दोन लाल दिवे आणि मोकळ्या बाजूला दोन हिरवे. समोरच्या जहाजाने हे वेळेत ओळखून अंतर राखायचे असते. शेकडो मीटर लांबीचे भरलेले कंटेनर जहाज लगेच थांबत नाही, आणि अरुंद मार्गात त्याला बाजूला सरकायलाही जागा फार नसते.

टकरीनंतर फेअरवे थायलंडच्या पाण्यात नेण्यात आला, आणि खरा तंटा पुढे लंडनमध्ये पेटला. विमा कंपन्यांनी संपूर्ण नुकसानीची भरपाई दिली. ब्रिटनच्या 1906 च्या सागरी विमा कायद्यानुसार अशी भरपाई दिल्यावर जहाजाचा उरलेला भाग ताब्यात घ्यायचा हक्क विमा कंपनीला मिळतो. या उरलेल्या जहाजाला चांगली किंमत होती, कारण एवढा मोठा ड्रेजर नव्याने बांधायला वर्षे लागतात आणि काम तर रांगेत उभे होते. मालक कंपनीने मात्र ते आपल्याच समूहातल्या दुसऱ्या कंपनीला अवघ्या 1,000 युरोंना विकून टाकले. 2009 मध्ये सागरी खटले चालवणाऱ्या अ‍ॅडमिरल्टी न्यायालयाच्या न्यायमूर्ती टॉमलिन्सन यांनी हा व्यवहार विमा कंपन्यांचा हक्क डावलण्यासाठी कमी किमतीत केलेला आहे, असा निष्कर्ष काढला. जहाज नेदरलँड्समध्ये नोंदलेले, उभे थायलंडमध्ये आणि विमा इंग्लिश कायद्याचा, त्यामुळे मालकी कुठल्या देशाच्या कायद्याने ठरवायची, हाही प्रश्न न्यायालयाला सोडवावा लागला. सागरी कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही अभ्यासतात, आणि तो अभ्यासण्यासारखाच आहे.

पुढे जहाज दुरुस्त झाले आणि नुसत्या 'फेअरवे' या नावाने बॉस्कालिसच्या ताफ्यात परतले. आपल्या न्हावा शेवा बंदराचा मार्ग आणखी खोल करण्याचे 2017 मधले कंत्राट याच बॉस्कालिसने यान दे नुलच्या जोडीने घेतले होते. तिथेही कंटेनर जहाजांची ये-जा चालू ठेवूनच ड्रेजरांना गाळ उपसावा लागतो.