४,२९,४९,६७,२९७ (पाचवी फर्मा संख्या)

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवल्यावर येणारी दहा अंकी विषम संख्या. ती संयुक्त आहे आणि तिचे मूळ अवयव दोनच: ६४१ व ६७,००,४१७.

२ च्या १, २, ४, ८, १६, ३२ अशा दुपटीने वाढणाऱ्या घातांत १ मिळवला की फर्मा संख्या मिळतात. त्यांचे क्रमांक शून्यापासून लावतात. म्हणून रांगेत सहावी असूनही हिला पाचवी म्हणायचे. आधीच्या पाचही, म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७, मूळ आहेत. तेवढ्यावरून फ्रेंच गणिती पियेर द फर्मा याने १६४० मध्ये पत्रातून कळवले, की अशा सगळ्याच संख्या मूळ असाव्यात. सिद्धता हाती नसल्याचे त्याने मान्य केले होते. १७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने हे गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरच्या कानावर घातले आणि १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ हा विभाजक काढून दाखवला.

हा विभाजक सापडायला वाटते तितके कष्ट पडत नाहीत. या संख्येच्या मूळ विभाजकाला ६४ ने भागले तर बाकी १ उरायलाच हवी, हे ऑयलरनेच सिद्ध केले. तशा मूळ संख्या पाहत गेले की क्रम लागतो १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकारात काम फत्ते! फर्मासारख्या माणसाच्या हातून एवढे कसे निसटले, याचे नवल वाटते.

भागाकार न करताही खात्री पटते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६ सुद्धा. १२८ हा २ चा सातवा घात. ६४१ ने भागताना ५ × १२८ च्या जागी −१ धरता येतो. चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १ येते. आता ६२५ ऐवजी −१६ ठेवा: २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ निघते. त्यात १ मिळवला की शून्य.

फर्माच्याच नावाची मूळ संख्येची एक कसोटी आहे: पाया म्हणून एक संख्या घ्यायची, तिचा तपासायच्या संख्येहून १ ने कमी इतका घात काढायचा आणि त्याला तपासायच्या संख्येने भागून बाकी १ येते का ते पाहायचे. २ हा पाया घेऊन ती लावली तर ही संख्या उत्तीर्ण होते, म्हणजे चकवते. ३ घेतल्यावर मात्र पितळ उघडे पडते. दोन वर्गांची बेरीज म्हणून ती दोन प्रकारे मांडता येते: ६५,५३६ चा वर्ग अधिक १, किंवा ६२,२६४ व २०,४४९ यांच्या वर्गांची बेरीज. त्यातला २०,४४९ हा स्वतः १४३ चा वर्ग.

आधीच्या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार हिच्यापेक्षा बरोबर २ ने कमी, ४,२९,४९,६७,२९५ भरतो. संगणकाच्या बत्तीस बिटांत (० किंवा १ अशा बत्तीस अंकांत) मावणारी सर्वांत मोठी धन पूर्ण संख्या तीच. पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या, विषम बाजूंच्या ज्ञात सुसम बहुभुजाकृतींत सर्वाधिक बाजू तेवढ्याच. ४,२९,४९,६७,२९७ बाजूंची आकृती मात्र त्या साधनांनी काढता येत नाही.