नोडला ताटकळत ठेवू नका

सर्व्हरवरचं जावास्क्रिप्ट शिकायचं म्हटलं की कुणीतरी लगेच यादी हातात ठेवतं: एक्सप्रेस, मोंगोडीबी, डॉकर, आणखी काय काय. सुरुवातीला यातलं काही लागत नाही. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवतं ते नोड डॉट जेएस, थोडक्यात नोड. त्याच्या संकेतस्थळावरून ‘एलटीएस’ (म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी) असं लिहिलेली आवृत्ती उतरवून घ्या आणि कोणताही साधा एडिटर उघडा, एवढ्यावर भागतं.

ब्रेंडन आइकने १९९५ साली जावास्क्रिप्ट लिहिली ती नेटस्केप ब्राउझरसाठी. नेटस्केपने ती लगोलग सर्व्हरवरही आणली होती, पण तिथे तिचा जम बसला नाही. २००८ मध्ये गूगलच्या क्रोमसोबत व्ही-८ हे जावास्क्रिप्ट चालवणारं वेगवान इंजिन आलं. पुढच्याच वर्षी रायन डाल यांनी ते ब्राउझरबाहेर काढलं, त्याला फाइली आणि नेटवर्क हाताळायची सोय जोडली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या परिषदेत नोड दाखवलं.

त्यांची तक्रार भाषेबद्दल नव्हतीच, वाट बघण्याबद्दल होती. सर्व्हरचा बराचसा वेळ हिशेब करण्यात जात नाही. डिस्ककडून, डेटाबेसकडून, दुसऱ्या सर्व्हरकडून उत्तर येईपर्यंत थांबण्यात जातो. तेव्हाची रूढ पद्धत म्हणजे प्रत्येक जोडणीसाठी एक वेगळा थ्रेड (कामाचा स्वतंत्र धागा) किंवा प्रोसेस. हजारो लोक एकदम आले की तितकेच थ्रेड नुसते बसून मेमरी खातात. नोडची रीत वेगळी: गिरणीत डबा ठेवायचा, दळण होईपर्यंत बाजार उरकायचा. काम सोपवायचं, ‘झालं की हे फंक्शन चालव’ असं सांगायचं आणि पुढच्या विनंतीकडे वळायचं. झालेल्या कामांची फंक्शनं एकामागून एक चालवणारं चक्र म्हणजे इव्हेंट लूप. बटण दाबल्यावर काय करायचं हे ब्राउझरमध्ये आपण असंच लिहून ठेवतो, त्यामुळे जावास्क्रिप्ट इथे चपखल बसली.

हे वाचून पटतं, पण करून बघितल्याशिवाय मुरत नाही. नोडच्या अंगच्या ‘एचटीटीपी’ मॉड्यूलने दहा-पंधरा ओळींत सर्व्हर उभा राहतो. त्याला ३००० नंबरच्या पोर्टवर बसवा आणि दोन पत्ते द्या. पहिला लगेच ‘नमस्कार’ म्हणेल. दुसऱ्यात, दहा सेकंद सरेपर्यंत घड्याळ तपासत नुसता फिरणारा व्हाइल लूप टाका. आता एका टॅबमध्ये दुसरा पत्ता उघडा आणि लगेच शेजारच्या टॅबमध्ये पहिला. बिचारा ‘नमस्कार’सुद्धा अडकून पडतो! आता लूप काढून त्याजागी दहा सेकंदांचा सेटटाइमआउट, म्हणजे ‘इतक्या वेळाने हे फंक्शन चालव’ असा गजर, लावा. दुसरा पत्ता तेवढाच वेळ घेतो, पण ‘नमस्कार’ झटक्यात येतो. माझ्या मते नोडचा हाच पहिला धडा, एक्सप्रेससारखी फ्रेमवर्क नंतर.

‘नोड एकाच थ्रेडवर चालतं’ हे वाक्य मात्र अर्धंच खरं. तुमचा कोड एका थ्रेडवर चालतो. पण फाइल वाचण्यासारखी कामं आतली ‘लिबयूव्ही’ ही लायब्ररी आपल्या थ्रेडांकडे देते, मुळात असे ४ असतात. म्हणूनच फाइल वाचायची दोन फंक्शनं दिसतील, रीडफाइल आणि रीडफाइलसिंक. नावाच्या शेवटी ‘सिंक’ असलेलं फंक्शन काम संपेपर्यंत सगळ्यांना रोखून धरतं. सर्व्हर सुरू होताना एखादी सेटिंगची फाइल वाचायला ते चालतं, विनंती हाताळताना नको.

मग येतो एनपीएम, तयार पॅकेजांचं भांडार. तिथे हात जरा आखडता ठेवावा. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि बेबलसारख्या (नवं जावास्क्रिप्ट जुन्या रूपात बदलून देणारं साधन) मोठ्या प्रकल्पांची उभारणीच अडली, कारण ते कुठेतरी खोलवर त्या पॅकेजावर टेकलेले होते. त्यात कोड किती, तर ११ ओळी. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणं. पुढच्याच वर्षी ते काम ‘पॅडस्टार्ट’ या नावाने भाषेच्या प्रमाणातच आलं.