डब्यातली आई कुठून आली? जपानी ॲनिमेशनमधल्या बेंतोची पार्श्वभूमी

आईवडिलांची माया डब्यातून दाखवणारे छोटे जपानी ॲनिमेशनपट आता आपल्याकडेही मोबाइलवर भरपूर पाहिले जातात. पहाटे स्वयंपाकघरात लागलेला एकच दिवा, चौकोनी तव्यावर गुंडाळली जाणारी तामागोयाकी (अंड्याची गुंडाळी), झाकण लावण्याआधी भाताला घातलेला वारा, शाळेत डबा लपवून खाणारं मूल आणि संध्याकाळी रिकामा परत आलेला डबा. पाच-सात मिनिटांत डोळ्यांत पाणी आणणारी ही मांडणी इतकी ठरून गेली आहे, की जपानी घरांत हे पिढ्यानपिढ्या असंच चालत आलं असेल असं वाटतं. बेंतो, म्हणजे जपानी जेवणाचा डबा, पिढ्यानपिढ्या आहेच. पण डबा म्हणजे आईचं प्रेम, हे समीकरण मुख्यतः युद्धानंतर पक्कं झालं, आणि ते पक्कं होण्यात शाळेतल्या जेवणाच्या कायद्यात राहून गेलेल्या एका फटीचा मोठा हात आहे. ती फट समजली की हे लघुपट वेगळे दिसू लागतात.

प्रवासात वाळवलेला भात बरोबर नेण्याची रीत, एदो काळात (1603–1868) नाटकाच्या दोन अंकांमध्ये खाल्ला जाणारा माकुनोउची डबा, 1885 मध्ये उत्सुनोमिया स्थानकावर विकले गेलेले बांबूच्या सालपटातले भाताचे गोळे हा इतिहास बहुतेकांच्या वाचनात आलेला असतो. ते डबे सैनिकाचे, शेतकऱ्याचे, प्रेक्षकाचे, प्रवाशाचे होते. शाळकरी मुलाचा डबा ही गोष्ट सक्तीच्या शिक्षणाबरोबर आली, आणि तिच्याबरोबर एक दुखणंही आलं. वर्गात सगळ्यांनी एकाच वेळी झाकणं उघडली की कोणाच्या घरी काय आहे ते सगळ्यांना दिसतं.

1889 मध्ये यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका इथे एका देवळात भरणाऱ्या शाळेने गरीब मुलांना भाताचे गोळे, खारवलेला भाजका मासा आणि लोणचं द्यायला सुरुवात केली. जपानमधल्या शालेय जेवणाची सुरुवात इथून धरतात. कारण साधं होतं, या मुलांकडे डबाच नव्हता. पुढे तायशो काळात (1912–1926) चकचकीत ॲल्युमिनियमचे डबे आले. आपल्याला हा धातू स्वस्तातला वाटतो, पण तेव्हा तो चांदीसारखा मिरवायचा. त्यामुळे फरक डोळ्यांत भरू लागला आणि शाळेत डबाच नको अशी मागणीही झाली. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला मंदी आणि ईशान्येकडची नापिकी एकत्र आली. दुपारी उपाशी राहणाऱ्या मुलांची संख्या एवढी वाढली की 1932 मध्ये सरकारला त्यांच्या जेवणासाठी पैसे द्यावे लागले.

त्या पिढीच्या आठवणींत एक दृश्य पुन्हापुन्हा येतं. मूल डब्याचं झाकण उभं धरतं आणि त्याच्या आडोशाने जेवतं, कारण आत भाताऐवजी जव नाहीतर रताळं असतं. हिवाळ्यात वर्गातल्या शेगडीवर डब्यांची चळत रचलेली, मुळ्याच्या लोणच्याचा वास खोलीभर पसरलेला, आणि ज्यांच्याकडे डबा नाही ती मुलं त्या वेळेला बाहेर निघून गेलेली. युद्धकाळात तर गरिबीलाच देशभक्तीचा पोशाख चढवला गेला. पांढऱ्या भाताच्या मधोमध एक लाल उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ), म्हणजे राष्ट्रध्वज. सप्टेंबर 1939 पासून दर महिन्याच्या एक तारखेला असा हिनोमारु बेंतो खाण्याचं आवाहन होतं. रोज त्याच जागी टेकणाऱ्या त्या आंबट फळाने ॲल्युमिनियमच्या झाकणाला मधोमध बारीक खड्डे पडायचे. तसे डबे कित्येक घरांत नंतरही वापरात राहिले.

आजच्या लघुपटांतलं मूलही डब्यावर हात आडवा धरूनच जेवतं. फक्त आता त्याला लाज वाटते ती आईच्या जुन्या पद्धतीची, तपकिरी रंगाच्या भाज्यांची, भातावर काढलेल्या बाळबोध चेहऱ्याची. हालचाल तीच, पण तिच्यामागची भूक गेली आहे. मधल्या काळात काय झालं?

24 डिसेंबर 1946 रोजी टोकियो, चिबा आणि कानागावा इथल्या शाळांत परदेशी मदतीतून आलेल्या जिन्नसांवर जेवण सुरू झालं. पावडरीचं दूध आणि नंतर पाव यांची चव त्या पिढीतले लोक अजून नाक मुरडून सांगतात, पण त्या जेवणाने मुलं जगवली. 1954 मध्ये शालेय जेवणाचा कायदा झाला आणि 1956 मध्ये त्यात माध्यमिक शाळा, म्हणजे बारा ते पंधरा वर्षांची मुलं, आणली गेली. प्राथमिक शाळांत हे जेवण, क्यूशोकु, हळूहळू जवळजवळ सर्वत्र पोहोचलं. सगळ्यांना एकच ताट, मुलांनीच वाढायचं, मुलांनीच आवरायचं. झाकणाआड लपण्यासारखं काही उरलंच नाही.

आता ती फट. कायद्याने नगरपालिकांना जेवण देण्याची सक्ती केली नाही, तसा प्रयत्न करावा एवढंच म्हटलं. जिन्नसांचा खर्च पालकांनी द्यायचा, पण स्वयंपाकघर, भांडीकुंडी आणि माणसं यांचा भार पालिकेवर. ज्यांना ते परवडलं नाही, किंवा नकोसं वाटलं, त्यांनी माध्यमिक शाळा वगळल्या. सर्वात ठळक उदाहरण योकोहामाचं, आणि ते शहर त्याच कानागावा प्रांतात आहे जिथे 1946 ची सुरुवात झाली होती. 1968 मध्ये योकोहामाची लोकसंख्या वीस लाखांवर गेली, 1978 मध्ये तिने ओसाकाला मागे टाकलं. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या शहराला आधी वर्गखोल्या बांधायच्या होत्या. शाळेत स्वयंपाकघर हा पुढचा प्रश्न मानला गेला आणि तो पुढेच ढकलला जात राहिला.

पैशांची अडचण समजण्यासारखी आहे. पण हळूहळू त्या अडचणीवर एक सुंदर कारण चढलं. घरचा डबा आई-मुलाचं नातं घट्ट करतो, वाढत्या वयात प्रत्येकाची भूक वेगळी असते, ती आईलाच कळते, सबब माध्यमिक शाळेत डबाच बरा. सभागृहात, पालकसभांत, अधिकाऱ्यांच्या उत्तरांत हा युक्तिवाद इतक्यांदा आला की त्याला ‘ऐजो बेंतो’, मायेचा डबा, असं नावच पडलं. 2010 च्या दशकाच्या मध्यापर्यंत कानागावातल्या सार्वजनिक माध्यमिक शाळांपैकी जेमतेम चौथा हिस्सा मुलांना पूर्ण जेवण देत होता आणि हा प्रांत देशाच्या यादीत तळाला होता.

माझं मत सरळ आहे. माया खरी होती, पण ती पालिकेच्या जमाखर्चातली तूट भरून काढण्यासाठी वापरली गेली. दोघं कमावणारी घरं 1990 च्या दशकातच एकाच्या कमाईवर चालणाऱ्या घरांपेक्षा जास्त झाली होती. एकट्या पालकाचं घर, रात्रपाळी, आजारपण या सगळ्यांत रोज पहाटे उठून डबा भरणं जमतंच असं नाही. ज्या मुलाच्या हातात सकाळी डब्याऐवजी नाणी ठेवली जायची त्याच्या घरी माया कमी होती, असा अर्थ त्या युक्तिवादातून आपोआप निघायचा. तो अर्थ त्या मुलापर्यंत पोहोचत होता. 1930 च्या दशकात झाकणाआड जेवणाऱ्या मुलाची ओळ इथे पुन्हा जोडली गेली.

बालवाडीतली गोष्ट याहून बारीक होती. 1991 मध्ये एका अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने, जिचा स्वतःचा मुलगा जपानमध्ये बालवाडीत जात होता, या डब्यांवर निबंध लिहिला. डबा रंगीत, लहान-लहान घासांचा आणि देखणा हवा, मुलाने तो शेवटच्या शितापर्यंत संपवायला हवा, आणि तो संपला की नाही यावर शिक्षकांचं लक्ष. मूल शिस्त शिकत होतं आणि त्याच्याबरोबर आईचीही परीक्षा घेतली जात होती, असं तिचं म्हणणं. ज्याने आठ पायांच्या ऑक्टोपससारखा कापलेला लाल सॉसेज किंवा पदार्थांमध्ये आडोसा म्हणून लावलेली गवतासारखी हिरवी बारान पट्टी चितारलेली पाहिली आहे, त्याला ही परीक्षा कुठे होते ते लगेच कळेल. 2000 च्या दशकात ब्लॉग आले आणि कार्टूनच्या चेहऱ्यांचे क्याराबेन घराघरांतून जगासमोर मांडले जाऊ लागले. काही बालवाड्यांनी त्यांना मनाई केली, कारण साधा डबा आणणारी मुलं हिरमुसत होती.

याच काळात उलट दिशेचाही एक प्रयोग झाला, आणि मला तो या सगळ्या इतिहासातला सर्वात धीट वाटतो. 2001 मध्ये कागावा प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी ‘डब्याचा दिवस’ सुरू केला. पाचवी-सहावीच्या मुलांनी महिन्यातून एकदा स्वतःच पदार्थ ठरवायचे, बाजारहाट करायची, शिजवायचं, भरायचं, भांडी घासायची. पालकांनी हात लावायचा नाही, एवढीच अट. सुरी, विस्तव, चिमुरडी मुलं, त्यामुळे विरोध झालाच. तरी तो विरोध मागे पडला आणि पुढे ही कल्पना देशभरच्या शाळांत पसरली. लघुपटांत शेवटी मूल मोठं होऊन आईसाठी तामागोयाकी करतं, त्या दृश्याला आयुष्यभर थांबावं लागत नाही हे या शाळेने दाखवलं.

ॲनिमेशनमध्ये डबा आधीपासून होताच. 1988 च्या एका गाजलेल्या चित्रपटात आई रुग्णालयात असते, म्हणून थोरली मुलगी वडिलांचा, धाकट्या बहिणीचा आणि स्वतःचा डबा भरते. भात, उमेबोशी, गुलाबी माशाचा चुरा, हिरवे दाणे, एक लहानसा मासा. त्यात कोणी रडत नाही. डबा हा घर चालू असल्याचा पुरावा असतो, बस. तिथून आजच्या हुंदक्यापर्यंतचं वळण मला जाहिरातींमध्ये दिसतं. 2010 च्या सुमारास टोकियोतल्या एका गॅस कंपनीने अबोल झालेल्या मुलाशी रोजच्या डब्यातून बोलणाऱ्या आईची जाहिरात केली. शाळेचा शेवटचा दिवस आणि रिकाम्या डब्यातली चिठ्ठी, हा शेवट तिथे आहे. जिवंत नटांची असली तरी अनेक लघु ॲनिमेशनपटांचा सांगाडा हाच आहे.

मग खऱ्या आयुष्यातल्या हकिकती आल्या. हाचिजोजिमा बेटावरच्या एका आईने न बोलणाऱ्या मुलीला तीन वर्षं मुद्दाम डिवचणारे क्याराबेन करून दिले, त्यावर पुस्तक झालं, 2019 मध्ये चित्रपट आला. पाठोपाठ 2020 मध्ये एका संगीतकार वडिलांनी मुलासाठी केलेल्या 461 डब्यांवरचा चित्रपट आला. बाप कढईसमोर उभा राहिला हे मोठं वळण होतं. आईवडील दोघांचं प्रेम दाखवणाऱ्या नव्या लघुपटांची वाट त्याने सोपी केली.

या दोन्ही हकिकती हायस्कूलच्या आहेत, गॅस कंपनीच्या जाहिरातीतला मुलगाही हायस्कूलचाच. हा योगायोग मानायला मी तयार नाही. 1956 मध्येच रात्रीच्या हायस्कूलसाठी जेवणाचा वेगळा कायदा झाला, कारण तिथली मुलं दिवसभर कामावर असत. दिवसाच्या साध्या हायस्कूलसाठी असा कायदा झालाच नाही. म्हणून पंधरा ते अठरा या अबोल वयातली तीन वर्षं जपानभर डब्याची वर्षं ठरली, आणि कथाकारांना सुरुवात व शेवट असलेली मुदत आयती मिळाली.

योकोहामाने 2016 मध्ये मागणीनुसार पोहोचवले जाणारे डबे सुरू केले. भात आणि सूप कोमट, पण स्वच्छतेच्या नियमांमुळे बाकीचे पदार्थ गार केलेले. घेणारी मुलं थोडी, आणि जेवायला मिळणारा वेळही पंधरा-वीस मिनिटांचा. शेजारच्या कावासाकीने 2017 च्या अखेरीस सगळ्या माध्यमिक शाळांत पूर्ण जेवण पोहोचवलं, तेव्हा योकोहामातल्या पालकांचा आवाज आणखी चढला. 2021 च्या एप्रिलपासून तेच पोहोचते डबे कायद्याखालचं शालेय जेवण झाले, पण ऐच्छिक. 2026 च्या शैक्षणिक वर्षापासून ते सर्वच मुलांना द्यायचं ठरलं. त्यानंतर तिथल्या माध्यमिक शाळेत घरचा डबा उरतो तो सहलीपुरता, खेळांच्या दिवसापुरता, किंवा ॲलर्जी असलेल्या मुलांपुरता.