‘नाव’, ‘नांव’ आणि ग्रंथालयातला संगणक

मुंबईतल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांत ‘डिजिटल मानव्यविद्या’ (डिजिटल ह्युमॅनिटीज, म्हणजे संगणकाच्या मदतीने भाषा, साहित्य, इतिहास यांचा अभ्यास) हा शब्द यायच्या आधीपासून त्यातले बरेचसे काम चालू होते. तेव्हा त्याला ‘संगणकीकरण’ म्हणत. कार्डांवरच्या नोंदी संगणकावर चढवायच्या, बारकोड चिकटवायचे, पुस्तकांची देवघेव पडद्यावर करायची, एवढाच त्याचा अर्थ. मग स्कॅनर आले आणि ‘डिजिटायझेशन’ सुरू झाले. या शब्दाने एक गैरसमज घट्ट करून ठेवला: पानाचा फोटो निघाला की काम झाले. संशोधकाचे काम तिथून पुढे असते. फोटोतला शब्द शोधता येत नाही, मोजता येत नाही, दुसऱ्या मजकुराशी ताडून पाहता येत नाही.

परदेशात या विषयाची सुरुवात १९४९ पासून धरतात. त्या वर्षी एका इटालियन जेसुइट धर्मगुरूने मध्ययुगीन लॅटिन ग्रंथांची शब्दसूची यंत्रावर करायचे ठरवले आणि एका अमेरिकी संगणक कंपनीची मदत मिळवली. आजचे इंग्रजी नाव रूढ झाले ते २००४ नंतर. आपल्यासाठी त्याहून जवळचे उदाहरण म्हणजे मुंबईत १८३१ साली छापला गेलेला मराठी-इंग्रजी कोश. त्याची १८५७ ची सुधारित आवृत्ती आज कुणालाही मोबाइलवर शब्द टाकून शोधता येते. ती सोय झाली शिकागोतल्या एका विद्यापीठात, आणि तिथे या कामात ग्रंथालयाचा वाटा मोठा होता. कोश छापला इथे, शोधण्याजोगा झाला तिथे. ही खंत इथल्या अनेक ग्रंथपालांच्या मनात आहे आणि ती रास्त आहे.

आपल्याकडे उशीर झाला त्याला लिपीचा गुंता हे मोठे कारण. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. देवनागरी तिच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली होती. तरी छपाईचे जग पुढची कितीतरी वर्षे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याच्या जुन्या (डीटीपी) फॉन्टांवरच चालले. त्या फॉन्टांत पडद्यावर ‘क’ दिसला तरी आत दुसरेच रोमन अक्षर साठवलेले असते. प्रबंधांची डिजिटल प्रत देण्याचा नियम देशात २००९ साली आला. त्यातून जमलेल्या साठ्यातला, जुन्या फॉन्टात टाइप केलेला एखादा मराठी प्रबंध उघडून परिच्छेद कॉपी केला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा भलताच कचरा हाती येतो. डोळ्यांना मराठी, संगणकाला काहीच नाही. विद्यापीठांसाठी तयार झालेल्या ग्रंथालय-सॉफ्टवेअरची युनिकोड आवृत्तीही २००९ चीच. त्याआधी मराठी पुस्तकांच्या कितीतरी नोंदी रोमन लिपीत, ज्याला जसे स्पेलिंग सुचेल तशा झाल्या. मोडी लिपी तर युनिकोडमध्ये आली २०१४ साली.

हे सगळे तांत्रिक, आणि आज ना उद्या सुटणारे. खरा वाद आहे अनुस्वाराचा.

१९६२ साली शासनाने शुद्धलेखनाचे नवे नियम स्वीकारले आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. तोवरच्या मराठी छपाईत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘त्यानें’, ‘पांच’ असे लिहिले जाई. आता असे पुस्तक शोधण्याजोग्या मजकुरात आणायचे तर अनुस्वार ठेवायचे की काढायचे? काढा म्हणणाऱ्यांचे मुद्दे साधे आहेत. विद्यार्थी ‘नाही’ असेच टाइप करून शोधणार. जुने रूप ठेवले तर त्याला काहीच सापडणार नाही आणि तो समजेल की पुस्तकात ते नाहीच. शिवाय अक्षरओळख करणारी सॉफ्टवेअर या टिंबांशी झगडतात. छपाईच्या झिजलेल्या खिळ्याचा अनुस्वार उमटलेला नसतो, आणि मुंबईच्या दमट हवेत कागदावर पडलेला ठिपका मात्र अनुस्वार म्हणून वाचला जातो. मग दर पानाला माणूस बसवायचा कशाला?

याचे उत्तर टिंबातच आहे. जुन्या लेखनात ‘नांव’ म्हणजे नाव, ज्याने हाक मारतात ते. आणि ‘नाव’ म्हणजे होडी. मुंबईच्या बंदरावर काम करणाऱ्या संशोधकाला एकोणिसाव्या शतकातल्या मजकुरात होड्या शोधायच्या आहेत असे धरा. अनुस्वार काढून टाकलेल्या फाइलीत त्याला प्रत्येक माणसाचे, गल्लीचे, देवळाचे नाव होडी म्हणून मिळेल. मोजणीवर उभा असलेला त्याचा निष्कर्ष पहिल्याच पायरीला कोसळेल. ‘काम केलें’ आणि ‘प्रयत्न केले’ यांतला फरकही टिंबाचाच: एक नपुंसकलिंगी एकवचन, दुसरे पुल्लिंगी अनेकवचन. टिंब काढले की दोन्ही ‘केले’. (बोलताना आपण आजही ‘काम केलं’ आणि ‘प्रयत्न केले’ असेच म्हणतो. भेद जिभेवर शाबूत आहे, कागदावरून गेला.) ‘घरांत’ तर उलटी फसवणूक करतो. आजच्या वाचकाला ते अनेक घरे वाटतात, जुन्या लेखकाला एकच घर अभिप्रेत असू शकते.

म्हणून मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवावा आणि शोधयंत्राने अनुस्वार दुर्लक्षून शोधावे, ही बाजू मला ठामपणे बरोबर वाटते. नव्या लेखनातली प्रत हवी तर ती वेगळी, मुळाच्या शेजारी. मजकुरावर खुणा करण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत १९८७ पासून घडत आली, तिच्यात मूळ रूप आणि नियमित रूप अशी जोडी नोंदवायची सोय आहे. वेळ जास्त लागतो हे खरे. पण काढलेले टिंब पुन्हा कुठे होते हे फाइलीवरून कळत नाही. त्यासाठी पुन्हा पुस्तकाकडेच जावे लागते, आणि तोवर ते पुस्तक उलगडण्याच्या अवस्थेत राहिलेले असेलच असे नाही.

संधी म्हणतात ती इथे आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातले जवळजवळ सगळे मराठी मुद्रित साहित्य मोकळे आहे. कुणाची परवानगी न घेता ते मजकूररूपात आणता येते. त्यासाठी जुने लेखन वाचता येणारा, नोंदीची शिस्त असलेला माणूस लागतो, आणि तसा माणूस प्रोग्रामरांच्या खोलीत क्वचितच सापडतो, तालिकाकाराच्या, म्हणजे ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्याच्या, टेबलाशी सापडतो.

तालिकाकाराने हा प्रश्न पुस्तकाच्या मुखपृष्ठापुरता सोडवलेलाही आहे. मुंबईचे एक मोठे मराठी वर्णन १८६३ साली पुस्तकरूपाने आले. ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदीचे रकाने क्रमांकांनी ठरलेले असतात; त्यांतल्या २४५ क्रमांकाच्या रकान्यात शीर्षक छापले आहे तसे जाते: ‘मुंबईचें वर्णन’. आणि २४६ क्रमांकाच्या रकान्यात, शोधणाऱ्याला सापडावे म्हणून, त्याचे दुसरे रूप: ‘मुंबईचे वर्णन’. दोन्ही राहतात. आतल्या शेकडो पानांसाठी हाच नियम लावायचा आहे, आणि तो लावायची तयारी असलेली ग्रंथालये या शहरात अजून बोटांवर मोजण्याइतकी आहेत.