त्रुटींच्या ढिगातली पहिली ओळ

नाशिकमधील अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याचा लिनक्स सर्व्हर रात्री बंद पडला, तर ते सकाळच्या पाळीपर्यंत कोणाला कळू नये हे परवडणारे नसते. म्हणूनच त्यावर लक्ष ठेवायला नागिओससारखे देखरेखीचे सॉफ्टवेअर बसवतात. एथन गालस्टॅड यांनी 1999 मध्ये ते नेटसेंट या नावाने प्रसिद्ध केले आणि 2002 मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. ते सी भाषेत लिहिलेले असल्याने, तयार पॅकेजऐवजी मूळ सोर्स कोडवरून बसवायचे ठरवले की कंपायलरशी, म्हणजे कोडपासून चालू शकणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाशी, गाठ पडते आणि पडद्यावर त्रुटींचा ढीग साचतो.

त्या ढिगातली शेवटची ओळ सहसा निरुपयोगी असते, कारण काम थांबले एवढेच ‘मेक’ हा बांधणी करवून घेणारा प्रोग्रॅम तिथे कळवतो. खरे कारण पहिल्या त्रुटीत असते आणि पुढच्या कित्येक त्रुटी तिच्यातूनच उपजलेल्या असतात. एकाच वेळी अनेक फाइली कंपाइल होत असतील, तर संदेश एकमेकांत मिसळतात. अशा वेळी ‘मेक’ एकेरी चालवून पुन्हा पाहावे.

अगदी आरंभी, ‘कॉन्फिगर’ ही पूर्वतपासणीची स्क्रिप्ट चालवतानाच, योग्य सी कंपायलर सापडला नाही असा संदेश आला, तर उबुंटू या लिनक्सच्या वितरणावर (तयार संचावर) ‘बिल्ड-इसेन्शियल’ हे पॅकेज बसवल्याने काम भागते. अन्य अडथळ्यांचा तपशील ‘कॉन्फिग डॉट लॉग’ या फाइलीत मिळतो. मात्र तिच्या तळाशी चलांची लांबलचक यादी असते, म्हणून अडथळ्याचे कारण त्या यादीच्या वर शोधावे.

सर्वाधिक गोंधळ हेडर फाइलींमुळे, म्हणजे तयार कोडमधील फंक्शनांची कंपायलरला ओळख करून देणाऱ्या फाइलींमुळे, होतो. सर्व्हरवर ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी (तयार कोडचा संच) व्यवस्थित चालत असते, तरीही तिची हेडर फाइल सापडत नाही अशी तक्रार कंपायलर करतो, आणि ती खरी असते. लिनक्सच्या वितरणांत लायब्ररीचे दोन भाग केलेले असतात: चालवण्यासाठी लागणारा एक आणि तिच्यावर आधारित प्रोग्रॅम बांधण्यासाठी लागणारा दुसरा. दुसऱ्या भागाच्या नावाला डेबियन व उबुंटूवर ‘डेव्ह’, तर रेड हॅटच्या कुळात ‘डेव्हल’ हे शेपूट असते. तो बसवून ‘कॉन्फिगर’ पुन्हा चालवावे. एखाद्या फंक्शनची व्याख्या सापडत नसल्याची (‘अनडिफाइन्ड रेफरन्स’) त्रुटी मात्र लिंकरची, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या साधनाची, असते. तिथे हेडर मिळालेले असून लायब्ररी जोडली गेलेली नसते.

कधी कोड जुना आणि कंपायलर नवा असतो. 2020 मधील जीसीसी 10 या कंपायलरच्या आवृत्तीपासून, एकच जागतिक चल (ग्लोबल व्हेरिएबल) अनेक फाइलींत आरंभमूल्याविना घोषित केलेले असेल, तर लिंकर ‘अनेक व्याख्या’ म्हणून अडून बसतो. ‘एफ-कॉमन’ हा पर्याय देऊन जुनी वागणूक परत आणता येते, परंतु माझ्या मते सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेणे अधिक शहाणपणाचे. आणि कोणतीही त्रुटी न दाखवता कंपायलर ‘किल्ड’ एवढेच म्हणून थांबला, तर कोडमध्ये दोष शोधण्यापूर्वी सर्व्हरची मेमरी तपासावी. ती संपली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, स्वतःच कंपायलर बंद पाडतो.